भुंग्याला कडू, आपल्याला गोड

एकादशीच्या रताळ्यांत एखादं असं निघतं, की पहिल्याच घासाला तोंड कडूजहर होतं. वरून सगळं ठीक दिसत असतं. फार तर टोकाशी टाचणीएवढं काळं भोक. आपण त्या भोकातल्या किड्याला शिव्या देतो, पण तो कडूपणा किड्याचा नसतो, रताळ्याचा असतो! सोंड्या भुंग्याची अळी आत शिरली की रताळं बचावासाठी स्वतःच इपोमीमॅरोन नावाचं कडू द्रव्य तयार करतं, आणि अळीनं पोखरलेल्या वाटेच्या आजूबाजूचा गर कडू होऊन जातो. मग उकडा, भाजा, गूळ घाला, कडू ते कडूच.

म्हणजे झाडाकडे हत्यार असतं. फक्त ते उशिरा बाहेर येतं, तेही नेमकं आपण खातो त्या गरात. कंदमुळांचे पैदासकार कित्येक दशकं याच गोष्टीच्या मागे लागले आहेत. हत्यार आधीपासून तयार हवं, योग्य जागी हवं आणि आईबापांकडून लेकरांत उतरायला हवं. या खटपटीत जगभर जे जे हाती लागलं, ते इतकं चटकदार आहे की शेतीशी संबंध नसलेल्यालाही वाचताना मजा यावी.

खणता न येणारा चोर

आधी हा भुंगा जवळून पाहू. लांबी पाच-सहा मिलिमीटर, अंगकाठी मुंगीसारखी. छाती तांबूस, पाठ निळसर काळी आणि चकाकती, पुढे लांब सोंड. मादी सोंडेनं रताळ्यावर किंवा वेलाच्या बुडाशी बारीक खड्डा कोरते, त्यात एकच अंडं घालते आणि आपल्याच विष्ठेनं वरून बूच मारते. अंडं दिसत नाही, फवारलेलं औषध आत पोचत नाही. रताळ्याची लागवड वेलाचे तुकडे लावून होते, त्यामुळे वेल नीट पाहून घेतला नाही तर भुंग्याची पुढची पिढी शेतकरी स्वतःच्या हातानं नव्या शेतात नेऊन लावतो.

पण या भुंग्यात एक मोठी उणीव आहे. त्याला जमीन उकरता येत नाही. माती तडकली, भेगा पडल्या, की त्या भेगांतून तो खाली उतरतो. म्हणून तर रताळ्याला मातीची भर लावायची आणि वाफा कोरडा पडू द्यायचा नाही. पैदासकारांनी हाच धागा पकडला. कंद खोल लागणारे वाण, लांब देठावर बुडापासून दूर कंद धरणारे वाण, तीन-साडेतीन महिन्यांत काढणीला येणारे वाण भुंग्याच्या तडाख्यातून पुष्कळदा निसटतात. इथे ना विष, ना काटे. नुसती हुलकावणी. कीडप्रतिकाराचा हा सगळ्यात साधा प्रकार मला फार आवडतो, कारण त्यात चवीला धक्का लागायचा प्रश्नच येत नाही. मात्र पावसानं दडी मारली आणि रान भेगाळलं की हुलकावणी पुरत नाही.

    

युगांडाच्या शेतकऱ्यांचा ‘न्यू कावोगो’

आफ्रिकेत सोंड्या भुंग्याच्या आणखी दोन जाती आहेत आणि त्या आपल्याकडच्या जातीइतक्याच चिवट आहेत. युगांडात ‘न्यू कावोगो’ नावाचं एक गावठी रताळं आहे. त्याला भुंगा कमी लागतो हे शेतकऱ्यांच्या कधीच लक्षात आलं होतं. शास्त्रज्ञांनी ते तपासायला घेतलं आणि २००९ साली कारण पुढे आलं. या रताळ्यात, विशेषतः पृष्ठभागाजवळच्या चिकात, हायड्रॉक्सिसिनॅमिक आम्लाची एस्टर भरपूर असतात. तीच द्रव्यं अळ्यांच्या खाण्यात मिसळली तर अळ्यांची वाढ रखडते आणि बऱ्याच मरतात. शेतकऱ्याचा अनुभव प्रयोगशाळेत तंतोतंत उतरला.

मग गाठ बांधायची ठरली. एका बाजूला पांढऱ्या गराचं, भुंग्याला पुरून उरणारं न्यू कावोगो, दुसऱ्या बाजूला नारिंगी गराचं ‘बोरेगार्ड’. बोरेगार्ड १९८७ साली अमेरिकेतल्या लुइझियानात प्रसारित झालेलं, अ जीवनसत्त्वाला लागणाऱ्या कॅरोटीननं भरलेलं, पण भुंग्यापुढे हतबल. दोघांचे गुण एका वेलात आले तर काय बहार होईल!

पण रताळ्याशी संकराचा खेळ खेळणं महाकठीण. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, रताळ्याच्या पेशीत सहा. एकूण गुणसूत्रं ९०. एकाच जोडप्याची शेकडो रोपं लावली तरी दोन रोपं सारखी निघत नाहीत. एकाचा गर नारिंगी पण भुंग्यानं चाळण केलेला, दुसरं निरोगी पण चवीला मातीमोल, तिसऱ्याला कंदच नाही. शिवाय रताळ्याची पुष्कळशी रोपं स्वतःच्या परागानं बी धरत नाहीत, आणि काही वाण तर फुलायलाच तयार नसतात. त्यांना रताळ्याच्याच गोतातल्या दुसऱ्या एखाद्या रोपावर कलम करून फुलायला लावावं लागतं. हे सगळं करून जो माणूस वर्षानुवर्षं कंद उकरून भोकं मोजत बसतो, त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

मधमाश्यांवर सोपवलेलं लग्न

हीच अडचण अमेरिकेच्या कृषी खात्यानं दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये वेगळ्या रीतीनं सोडवली. आल्फ्रेड जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईबाप निवडत बसण्याऐवजी कितीतरी वेगवेगळी रताळी एकत्र लावली आणि परागीभवन मधमाश्यांवर सोडून दिलं. बी गोळा करायचं, रोपं लावायची, कंद काढून सालीवरची भोकं तपासायची, ज्यांना सगळ्यात कमी भोकं तेवढेच पुढच्या फेरीसाठी ठेवायचे. मग पुन्हा मधमाश्या. अशा फेऱ्यांतून १९८०च्या दशकात ‘रेजिस्टो’ आणि ‘रीगल’ हे वाण बाहेर पडले. जमिनीत राहून साल कुरतडणाऱ्या कितीतरी किडींना ते एकदम दाद देईनासे झाले. त्यांत तारेसारख्या कडक अळ्या होत्या, पिसू भुंगेरे होते आणि आपल्या ऊसवाल्यांच्या तोंडी रोज असणाऱ्या हुमणीची तिकडची भावंडंही होती.

रीगलचं गुपित सालीत सापडलं. तिच्यात रेझिन ग्लायकोसाइड नावाची द्रव्यं असतात आणि ती किडींची वाढ रोखतात. इथे मला खरी गंमत वाटते. भुंग्याला साल ओलांडल्याशिवाय गर मिळत नाही, आणि आपण साल काढूनच गर खातो. पहारा तिथेच बसवला तर दोघांचं भांडणच मिटतं.

जन्मजात जीएम

जनुकीय बदल केलेली पिकं म्हटलं की वाद पेटतो. पण रताळं हे माणसाच्या प्रयोगशाळांच्या किती आधीपासून ‘जीएम’ आहे, हे ऐकून भलेभले गप्प होतात. २०१५ साली शास्त्रज्ञांनी लागवडीखालच्या रताळ्याचे २९१ नमुने तपासले. त्या प्रत्येकात ॲग्रोबॅक्टेरियम या जिवाणूची जनुकं सापडली. जनुकं इकडून तिकडे न्यायला प्रयोगशाळा जो जिवाणू वापरतात, त्यानंच हजारो वर्षांपूर्वी कुणालाही न विचारता रताळ्यात आपली जनुकं सोडली होती.

मग माणसानं बीटी जनुकं घालून भुंग्याला हरवून पाहायचं ठरवलं. कापसातली बोंडअळी ज्या जातीच्या प्रथिनांनी मरते, त्याच जातीची प्रथिनं भुंग्याच्या खाण्यात मिसळल्यावर प्रयोगशाळेत कामी आली होती. पण ती जनुकं घातलेली रताळी युगांडाच्या शेतात लावली तेव्हा भुंग्यांनी ती नेहमीसारखीच पोखरली. कंदात प्रथिन पुरेसं बनतच नव्हतं. न्यू कावोगोकडे पुन्हा लक्ष वळलं, त्यामागे हेही एक कारण.

शेजारणीला निरोप

तैवानमध्ये ‘ताइनुंग ५७’ आणि ‘ताइनुंग ६६’ असे रताळ्याचे दोन वाण आहेत. अळीनं ५७चं पान कुरतडलं की ते हवेत एक वास सोडतं. शेजारच्या वेलाला अजून अळी शिवलेलीही नसते, पण तो वास पोचताच तोही आपल्या पानांत स्पोरामिन नावाचं प्रथिन बनवायला लागतो. हे प्रथिन अळीच्या पोटातलं पचन बिघडवतं. ६६चं पान मात्र हा वास पुरेसा सोडत नाही आणि त्याच्यावर अळ्यांचं फावतं. तैवान आणि जर्मनीतल्या संशोधकांनी २०१९ साली हे मांडलं.

याच स्पोरामिनचा आपल्याशीही संबंध आहे. कंदातल्या प्रथिनांचा मोठा हिस्सा त्याचाच असतो आणि ते आपल्याही पचनाच्या आड येतं. शिजवल्यावर त्याचा जोर मोडतो. कच्चं रताळं पोटाला जड, उकडलेलं हलकं, हा आजीचा हिशेब असा बरोबर निघतो.

उपवासाच्या खिचडीमागचा कसावा

साबुदाणा झाडाला लागत नाही, तो कसाव्याच्या मुळातल्या पिठापासून बनतो आणि आपल्याकडे येणारा बराचसा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो, इतपत पुष्कळांना ठाऊक असतं. पण या कसाव्याच्या मुळात सायनाइड असतं आणि नीट प्रक्रिया केल्यावरच ते निघून जातं. हे सायनाइड कुणासाठी, याचं एक उत्तर कोलंबियात मिळालं.

तिथे जमिनीखाली राहणारा एक काळा ढेकूण कसाव्याच्या मुळात सोंड खुपसून रस शोषतो. त्या टोचणीतून बुरशी आत जाते आणि पांढऱ्याशुभ्र गरावर काळे-तपकिरी ठिपके उठतात. वरून काही कळत नाही, सोलल्यावर सगळं उघडं पडतं आणि व्यापारी माल परत करतो. हा ढेकूण गोड कसाव्यावर तुटून पडतो, कडू कसाव्याच्या वाटेला फारसा जात नाही. मग सगळीकडे कडूच लावायचा का? मार्ग मधला निघाला. ढेकणाच्या लहान पिल्लांची सोंड आखूड असते, त्यामुळे त्यांना सालीतूनच रस घ्यावा लागतो. म्हणून गर गोड पण सालीत सायनाइड जास्त, अशा वाणांकडे संशोधक वळले. चार्ल्सटनच्या रताळ्यात सापडलेली तोड इथे पुन्हा भेटली, तीही अगदी वेगळ्या पिकात.

कसाव्याचा दुसरा वैरी पांढरी माशी. कोलंबियातल्या मोजणीत माशीचा मुक्काम पिकावर ११ महिने राहिला तेव्हा उत्पादन ७९ टक्क्यांपर्यंत घटलं. तिथल्या पालमिरा गावाजवळ कसाव्याचा जगातला सर्वांत मोठा संग्रह आहे. त्यातले हजारो वाण माशीपुढे उभे करून पाहिले गेले आणि इक्वाडोरहून आलेला एक वाण जिंकला. त्याच्या पानांवरची बहुतेक पिल्लं मोठी होण्याआधीच मरत. ब्राझीलच्या एका वाणाशी त्याचा संकर झाला आणि २००३ साली ‘नाताइमा-३१’ शेतकऱ्यांच्या हातात पडला. चाचण्यांत त्यानं स्थानिक वाणापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त उत्पादन दिलं.

सगळ्या किडींवर मात्र वाण हाच इलाज ठरत नाही. कसाव्यावरचा पिठ्या ढेकूण १९७०च्या दशकात आफ्रिकेत पोचला आणि त्यानं हाहाकार माजवला. तो आटोक्यात आला तो दक्षिण अमेरिकेतून शोधून आणलेल्या एका चिमुकल्या गांधीलमाशीमुळे, आणि ती मोहीम चालवणाऱ्या हान्स हेरेन यांना १९९५चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हाच ढेकूण २०२० साली केरळात दिसला, तिथून तमिळनाडूत गेला, आणि २०२२ साली सेलम जिल्ह्यात तीच गांधीलमाशी सोडण्यात आली. आपला साबुदाणा तिचाही ऋणी आहे.

तीन रीती

या सगळ्या डावांना एक जुनी चौकट आहे. अमेरिकेतल्या कॅन्ससचे कीटकशास्त्रज्ञ रेजिनल्ड पेंटर यांनी १९५१ साली पिकांच्या कीडप्रतिकारावर ग्रंथ लिहिला आणि झाडांच्या तीन रीती सांगितल्या. पहिली, किडीला नकोसं होणं. दुसरी, खाल्लंच तर तिला बाधणं. तिसरी, खाल्लं तरी सोसून पीक देणं. शेतकऱ्याला तिन्ही चालतात. कंदमुळांत मात्र तिसरी तोकडी पडते, कारण भोक पडलेलं रताळं सोसून मोठं झालं तरी ते घेणार कोण?

केसाळ बटाटा

बोलिव्हियात सोलॅनम बर्थॉल्टी नावाचा रानबटाटा आहे. त्याच्या पानांवर दोन प्रकारचे केस असतात. लांब केसांच्या टोकाला चिकट थेंब असतो. आखूड केसांचं डोकं चार पाकळ्यांचं, नाजूक. मावा चालता चालता अडखळतो, थेंब पायांना लागतो, तो झटापट करतो, तशी आखूड केसांची डोकी फुटतात. आतला रस हवेशी भिडून तपकिरी पडतो आणि घट्ट होतो. चिरलेला बटाटा काळा पडतो त्यामागे हीच क्रिया आहे, फरक एवढाच की इथे ती माव्याच्या पायांवर आणि सोंडेवर घडते. तो जागीच चिकटून उपाशी मरतो.

इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या गिब्सन आणि पिकेट यांनी १९८३ साली याहून अचाट गोष्ट दाखवली. माव्यावर शत्रू तुटून पडला की तो धोक्याचा वास सोडतो आणि बाकीचे पळ काढतात. या रानबटाट्याची पानं नेमकं तेच द्रव्य हवेत सोडतात! मावा जवळ आला तरी ‘पळा’ असा इशारा मिळून परत फिरतो.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या पैदासकारांनी हे केस खायच्या बटाट्यात आणायचा ध्यास घेतला. केसांबरोबर रानटी खोडीही आल्या, पीक उशिरा आलं, उत्पादन कमी भरलं. पिढ्यामागून पिढ्या साध्या बटाट्याशी संकर करत शेवटी ‘किंग हॅरी’ हा केसाळ वाण तयार झाला. सेंद्रिय शेती करणाऱ्यांनी तो उचलला, कारण बटाट्याची पानं खाणाऱ्या आणि पन्नासहून जास्त कीटकनाशकं पचवून बसलेल्या कोलोरॅडो भुंगेऱ्यालाही हे केस जाचतात.

लेनापेचा धडा

१९६७ साली अमेरिकेत ‘लेनापे’ हा बटाटा आला. त्याचे चिप्स सुरेख सोनेरी होत. त्याच्या रक्तात सोलॅनम चॅकोएन्स हा रानबटाटा होता. थोड्याच दिवसांत लक्षात आलं, की हा बटाटा खाल्ल्यावर मळमळतं. बटाटा किडींपासून आणि बुरशीपासून बचावाला सोलानिनसारखे ग्लायकोअल्कलॉइड तयार करतो. हिरव्या पडलेल्या बटाट्यात तेच वाढतात. १०० ग्रॅम बटाट्यात ते २० मिलिग्रॅमपर्यंत चालतात असं मानतात, लेनापेत ते ३०च्या आसपास गेले होते. १९७० साली वाण मागे घेतला गेला. तेव्हापासून नवा बटाटा बाजारात येण्याआधी हे मोजायची शिस्त लागली. लेनापेचा वंश मात्र बुडाला नाही. त्याच्या संकरातून आलेला ‘ॲटलांटिक’ चिप्ससाठी जगभर गाजला आणि भारतातही लावला गेला. त्यात विषाचं प्रमाण मर्यादेत आहे.

त्याच चॅकोएन्सच्या काही झाडांत पुढे लेप्टिन नावाची द्रव्यं सापडली. ती कोलोरॅडो भुंगेऱ्याला बाधतात, पण तयार होतात फक्त पानांत. बटाट्यात त्यांचा मागमूस नसतो. आपण पानं खात नाही, भुंगेरा बटाटा खात नाही. मला विचाराल तर या सगळ्या शोधात सापडलेलं हे सर्वांत देखणं रत्न.

इटलीहून आलेली पाकोळी

आपल्याकडे बटाट्याची खरी डोकेदुखी म्हणजे पाकोळी. इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर ती १९०६च्या सुमारास मुंबई इलाख्यात शिरली. ती उघड्या पडलेल्या बटाट्याच्या डोळ्यांजवळ अंडी घालते आणि अळी थेट आत घुसते. आंबेगाव-खेडकडे शेतकरी बटाटा आरणीत, म्हणजे रानातल्या ढिगांत, साठवतात, तिथे पाकोळी शिरली तर ढीगच्या ढीग सडतो. म्हणून भर चांगली लावायची, काढलेला बटाटा रात्रभर रानात उघडा ठेवायचा नाही. पेरूतल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राला काही रानबटाट्यांत पाकोळीचा प्रतिकार सापडला आहे. मोठा, गोल, चवीचा आणि पाकोळीला न जुमानणारा बटाटा आपल्या शेतकऱ्याच्या आरणीत यावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

गाजराची माशी

शेवटी इंग्लंडमधली गाजरं. तिथल्या गाजरमाशीच्या अळ्या गाजरात गंजासारखे तांबूस बोगदे पाडतात. माशी पानांवरच्या द्रव्यांवरून गाजर ओळखते, आणि गाजरात क्लोरोजेनिक आम्ल कमी असलं की अळ्यांचं फारसं बस्तान बसत नाही. वॉरविकशरमधल्या वेल्सबोर्न केंद्रात शेकडो गाजरं तपासली गेली, तेव्हा ‘सायटान’ हा वाण बराच तग धरतो असं दिसलं. त्याचा लिबियातल्या एका रानगाजराशी संकर केला, तेव्हा प्रतिकार आणखी वाढला. गाजर दुसऱ्या वर्षी फुलतं, त्यामुळे एकेक पिढी पुढे सरकायला दोन दोन वर्षं. या कामाच्या ओघात परसबागांसाठी ‘फ्लायअवे’ हा वाण बाजारात आला.

फ्लायअवेला माशी लागतच नाही असं मात्र नाही. निवड करायला मिळाली तर ती दुसऱ्या गाजराकडे जाते, दुसरं काहीच नसेल तर याच्यावरही बसते. म्हणून तिकडचे बागवान फ्लायअवेशेजारी साध्या गाजराची एक ओळ मुद्दाम लावतात, माशीला तिकडे जाऊ देतात आणि अळ्या कोषात जायच्या आत ती सगळी ओळ उपटून टाकतात.